लिडिया लित्व्याक आणि युद्धातील स्त्री लढाऊ वैमानिकाचे आयुष्य : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लिडिया लित्व्याक कोण होती?

दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत हवाई दलाकडून लढलेली ही लढाऊ वैमानिक. तिचा जन्म १८ ऑगस्ट १९२१ रोजी मॉस्कोमध्ये झाला. घरी आणि रेजिमेंटमध्ये तिला ‘लिल्या’ म्हणत. १ ऑगस्ट १९४३ रोजी पूर्व युक्रेनच्या दोनबास भागातील मिऊस नदीच्या आघाडीवर दिवसातल्या चौथ्या उड्डाणाला ती गेली आणि परतली नाही. तिचा बाविसावा वाढदिवस तेव्हा सतरा दिवसांवर आला होता. तिची प्रत्यक्ष लढाई जेमतेम अकरा महिने चालली, आणि आज तिच्याविषयी जे सांगितले जाते त्यातील बराच भाग त्या अकरा महिन्यांनंतर रचला गेलेला आहे. म्हणून या पानावर कागदोपत्री काय टिकते आणि आख्यायिका कुठे सुरू होते, हे शक्य तिथे वेगळे करून सांगितले आहे.

जगातली पहिली स्त्री लढाऊ वैमानिक तीच का?

नाही. तुर्कस्तानच्या साबिहा ग्योक्चेन यांनी १९३७ मध्येच देर्सिमच्या लष्करी कारवाईत विमानातून भाग घेतला होता. लिडियाच्या नावावर जो मान आहे तो निराळा आहे: शत्रूची पाच किंवा अधिक विमाने पाडणाऱ्या वैमानिकाला ‘एस’ म्हणतात, आणि इतिहासात असा लौकिक ज्या दोन स्त्रियांना मिळाला त्यांपैकी ती एक. दुसरी तिचीच सहकारी, येकातेरिना बुदानोवा. ब्रिटन आणि अमेरिकेतल्या स्त्री वैमानिकही त्या युद्धात होत्या, परंतु त्यांच्याकडे विमाने एका तळावरून दुसऱ्या तळावर पोहोचवण्यासारखी कामे होती. त्या कामातही माणसे मरत, मात्र विमानातली बंदूक चालवण्याची परवानगी त्यांना नव्हती.

ती विमान चालवायला कुठे शिकली?

१९३० च्या दशकात सोव्हिएत संघात एरोक्लबांचे मोठे जाळे होते आणि कारखान्यातली किंवा शाळेतली मुले-मुली तिथे जवळजवळ फुकट उड्डाण शिकत. लिडिया चौदाव्या वर्षी क्लबात दाखल झाली आणि पंधराव्या वर्षी तिने पहिले एकटीचे उड्डाण केले. पुढे खेरसोनच्या शाळेतून प्रशिक्षक होऊन ती कालिनिनच्या एरोक्लबात शिकवू लागली. युद्ध सुरू होईपर्यंत तिच्या हाताखालून पंचेचाळीस वैमानिक तयार झाल्याचे सांगतात. म्हणजे आघाडीवर गेली ती कोणी हौशी पोरगी नव्हती, तर वयाने लहान असलेली मास्तरीण होती.

याच वर्षांत घरात एक गोष्ट घडली, जिचा उल्लेख तिच्या हयातीत कुठेच होऊ शकला नाही. रेल्वेत काम करणारे तिचे वडील व्लादिमिर स्तालिनच्या १९३७ च्या धरपकडीत पकडले गेले आणि त्यांना मृत्युदंड देण्यात आला. ‘जनतेच्या शत्रूची मुलगी’ हा शिक्का त्या काळात नोकरी, शिक्षण, घर सगळ्यांवर बसत असे. या पानाच्या शेवटी या गोष्टीकडे पुन्हा यावे लागणार आहे.

स्त्रियांना लढाऊ विमाने मिळाली कशी? सरकारने आपणहून दिली का?

आपणहून मुळीच नाही. २२ जून १९४१ रोजी जर्मनीने हल्ला केल्यावर एरोक्लबांतल्या अनेक मुली भरती कार्यालयांत गेल्या आणि परत पाठवल्या गेल्या. त्यांच्यासाठी वजन खर्च केले ते मारीना रास्कोवा यांनी. सप्टेंबर १९३८ मध्ये ग्रिझोदुबोवा आणि ओसिपेंको यांच्यासह त्यांनी मॉस्कोहून अतिपूर्वेपर्यंत सुमारे ५,९०० किलोमीटरचे विनाथांबा उड्डाण केले होते. इंधन संपत आल्यावर विमान पोटावर उतरवावे लागणार होते, आणि नॅव्हिगेटर, म्हणजे मार्ग आखणाऱ्या, रास्कोवा यांची काचेची केबिन पुढच्या टोकाला असल्यामुळे त्यांना आधीच पॅराशूटने उडी टाकावी लागली. त्यानंतर दहा दिवस त्या सैबेरियाच्या जंगलात एकट्या भटकल्या. तिघींनाही ‘सोव्हिएत संघाचा वीर’ हा किताब मिळाला, तो मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्रिया. एवढी पुण्याई गाठीशी असल्यामुळे त्यांचा शब्द थेट स्तालिनपर्यंत गेला, आणि ८ ऑक्टोबर १९४१ च्या आदेशाने तीन स्त्री रेजिमेंटा उभ्या राहिल्या: ५८६ वी लढाऊ, ५८७ वी बाँबफेकी आणि ५८८ वी रात्रीची बाँबफेकी.

लिडियाला अनुभव कमी म्हणून आधी नकार मिळाला होता. तेव्हा तिने आपल्या उड्डाणाच्या तासांत शंभर तास वाढवून सांगितले आणि ५८६ व्या रेजिमेंटमध्ये प्रवेश मिळवला, असे सांगतात.

‘रात्रीच्या चेटकिणी’ म्हणतात त्या याच का?

हा घोटाळा नेहमी होतो. ते नाव जर्मन सैनिकांनी ५८८ व्या रेजिमेंटला दिले. त्या वैमानिक लाकूड आणि कापडाच्या पो-२ या संथ, दोन पंखी विमानांतून रात्री बाँब टाकत. शेवटपर्यंत निव्वळ स्त्रियांची राहिली ती हीच एक रेजिमेंट. बाकी दोन्हींत पुढे पुरुष आले, आणि लिडियाच्या ५८६ व्या रेजिमेंटची सूत्रेही १९४२ च्या शरदात तमारा काझारिनोवा यांच्याकडून अलेक्सांद्र ग्रिदनेव यांच्याकडे गेली.

प्रशिक्षणाच्या काळातले आयुष्य कसे होते?

ऑक्टोबर १९४१ मध्ये जर्मन फौजा मॉस्कोजवळ आल्या असताना या मुलींना रेल्वेने व्होल्गाकाठच्या एंगेल्स गावी नेण्यात आले. शांततेच्या काळात दोन-तीन वर्षे चालणारे शिक्षण तिथे सुमारे सहा महिन्यांत आटोपायचे होते. गणवेश पुरुषांचे होते, अगदी आतल्या कपड्यांपासून बुटांपर्यंत. बुटांत वर्तमानपत्रे कोंबल्याशिवाय चालता येत नसे आणि कोटाच्या बाह्या हाताच्या पंजाखाली लोंबत. रास्कोवा यांनी वेण्या कापण्याचा हुकूम काढला आणि तो पाळला गेला.

लिडियाची पहिली प्रसिद्ध खोडी इथलीच. उड्डाणाच्या उबदार बुटांना आतून केसाळ कातड्याचे अस्तर असे. तिने ते रात्रीत कापून काढले आणि आपल्या उड्डाणाच्या पोशाखाला त्याची झोकदार कॉलर शिवली. सकाळच्या हजेरीत ती पकडली गेली, शिक्षा झाली, आणि रात्रभर बसून कॉलर उसवून अस्तर पुन्हा बुटांत शिवावे लागले. अनेक लेखक ही गोष्ट तिचे ‘स्त्रीसुलभ’ मन दाखवायला वापरतात. मला तीत दिसते ते वेगळे आहे. सरकारने दिलेल्या वस्तूंत आपले माप कुठेच नाही, हे ज्या मुलीला रोज जाणवत होते, तिने एक तरी वस्तू आपल्या मापाची करून घेतली. तिची मेकॅनिक इन्ना पास्पोर्तनिकोवा यांच्या आठवणींप्रमाणे पुढे आघाडीवरही केस पिवळे करण्यासाठी ती इस्पितळातून हायड्रोजन पेरॉक्साइड मागवी आणि पॅराशूटच्या रेशमाचे रुमाल करी.

याक-१ हे विमान चालवायला शारीरिक ताकद लागत नव्हती का?

लागत होती, पण लोक समजतात तिथे नाही. रचनाकार याकोवलेव यांचे याक-१ हे हलके विमान होते: पंख लाकडी, धडाचा सांगाडा पोलादी नळ्यांचा आणि त्यावर काही भागात कापड. चाके आत घेणे, फ्लॅप (पंखांच्या मागच्या कडेच्या पट्ट्या) उतरवणे, ब्रेक लावणे ही कामे दाबलेल्या हवेवर चालत, आणि नियंत्रणाचा दांडा हाताला हलका लागे. उलट ५८७ व्या रेजिमेंटच्या पे-२ या बाँबफेकी विमानात उड्डाणाच्या वेळी दांडा ओढायला नॅव्हिगेटरला वैमानिकाच्या मदतीला यावे लागे. याकमध्ये खरा प्रश्न उंचीचा होता. लिडिया ठेंगणी होती, त्यामुळे पायाचे पेडल तिच्या पायांपर्यंत आणून बसवावे लागले.

ताकद खर्च होई ती वळणांत. वेगात असताना विमान झटक्याने वळवले की अंगाचे वजन कित्येक पटींनी वाढते, रक्त डोक्यातून खाली उतरते आणि डोळ्यांपुढे काळोख येतो. त्याच क्षणी मान मागे वळवून शेपटीमागे कोण आहे ते पाहायचे असते, कारण लढाऊ वैमानिक बहुधा न दिसलेल्या विमानाकडून मारला जातो. सुरुवातीच्या अनेक याकांत रेडिओ नव्हता किंवा केवळ ऐकण्याची सोय होती. म्हणजे जोडीदाराला धोका सांगायचा तर पंख हलवून. काचेची झाकणे अडकत आणि पिवळी पडत, म्हणून पुष्कळ जण ती उघडी ठेवूनच उडत. हिवाळ्यात, ताशी चारशे-पाचशे किलोमीटरच्या वाऱ्यात!

आघाडीवरचा एक दिवस कसा असे?

बराचसा वाट पाहण्यात जाई. पहाटेच्या अंधारात मेकॅनिक इंजिन गरम करत. कडाक्याच्या थंडीत उघड्या बोटांची कातडी धातूला चिकटून सोलवटून निघे आणि हातमोजे घालून लहान नट फिरवता येत नसत. या मेकॅनिकांतही मुली होत्या, आणि वैमानिकाचे नाव झाले तरी त्यांचे होत नसे. उजाडल्यावर ‘सज्जता क्रमांक एक’चा आदेश आला की वैमानिकाने पट्टे बांधून कॉकपिटमध्ये बसून राहायचे. पंधरा मिनिटे, तास, दोन तास. हिरवा फ्लेअर आकाशात गेला की इंजिन चालू करून लगेच निघायचे. पुरुषांसाठी आखलेल्या त्या पोशाखात आणि पट्ट्यांत तासन्‌तास बसणे स्त्रियांना किती अवघड जाई, हे निवृत्त वैमानिकांनी म्हातारपणी सांगितले; तरुणपणी त्यांना कोणी विचारले नव्हते. प्रत्यक्ष उड्डाण बहुधा तासाभरात संपे, कारण इंधन तेवढेच पुरे. लढाई त्यातली काही मिनिटे.

ती पुरुषांच्या रेजिमेंटमध्ये कशी गेली?

५८६ वी रेजिमेंट सारातोव शहराचे आणि तिथल्या रेल्वेपुलाचे रक्षण करत होती. सप्टेंबर १९४२ मध्ये स्टालिनग्राडची लढाई पेटल्यावर तिथे वैमानिक कमी पडू लागले आणि आठ जणींची तुकडी पुरुषांच्या रेजिमेंटांना जोडण्यात आली. त्यांत लिडिया, बुदानोवा, रायसा बेल्यायेवा आणि मारिया कुझ्नेत्सोवा होत्या. (त्याच काळात मुंबईच्या कामगार वस्त्यांत याच स्टालिनग्राडवर पोवाडा गायला जात होता.) स्वागत थंडच झाले. हवाई लढाई जोडीने लढतात: पुढचा हल्ला करतो आणि मागचा त्याची पाठ राखतो. आपली पाठ एका मुलीच्या हाती सोपवायला पुरुष तयार नव्हते. पुढे २९६ व्या रेजिमेंटमध्ये, जी नंतर ७३ वी गार्ड्स (हा मानाचा दर्जा) रेजिमेंट झाली, तिथले प्रमुख निकोलाय बरानोव यांनीही सुरुवातीला या मुलींना दुसरीकडे पाठवण्याचा विचार केला होता. अलेक्सेई सोलोमातिन या अनुभवी वैमानिकाने लिडियाला आपली जोडीदार म्हणून घेतले आणि तिच्या उड्डाणानेच तो प्रश्न मिटवला.

१३ सप्टेंबर १९४२ च्या लढाईबद्दल जे सांगितले जाते ते खरे आहे का?

त्या दिवशी स्टालिनग्राडवर तिने पहिले दोन विजय मिळवले, एक युंकर्स-८८ बाँबफेकी आणि एक मेसरश्मिट-१०९ लढाऊ विमान, असा प्रचलित वृत्तांत आहे. याला जोडून एक गोष्ट येते. पाडलेल्या मेसरश्मिटचा जर्मन वैमानिक पॅराशूटने उतरून पकडला जातो, मला पाडणाऱ्याला भेटवा म्हणतो, समोर एक लहानखुरी मुलगी आणली जाते, तो थट्टा समजतो आणि मग ती हाताने लढतीतली वळणे दाखवू लागताच खाली मान घालतो. गोष्ट छान आहे, म्हणूनच सावध राहावे. ती नंतरच्या आठवणींवर उभी आहे आणि त्या दिवसाच्या विजयांची जर्मन नोंदींशी सांगड घालण्यात संशोधकांचे एकमत नाही.

तिने एकूण किती विमाने पाडली?

सर्वांत जास्त सांगितला जाणारा आकडा बारा स्वतंत्र विजयांचा आहे. त्याशिवाय काही सामूहिक विजय. बुदानोवाच्या नावावर साधारणपणे अकरा सांगतात. आकडे बदलतात याचे कारण खोटेपणाच असते असे नाही. धूर सोडत ढगात शिरलेले विमान पडले की घरी पोहोचले हे वरून कळत नाही. दोघांनी एकाच विमानावर गोळ्या झाडल्या तर ते कोणाचे, याचा हिशेब रेजिमेंटच्या कचेरीत बसून केला जाई. सर्वच देशांच्या हवाई दलांत दावे प्रत्यक्षापेक्षा जास्त भरत. माझ्या मते ही संख्या हा तिच्या आयुष्यातला सर्वांत कमी उपयोगाचा तपशील आहे. तो मोजता येतो म्हणूनच विचारला जातो.

मग तिचे वैमानिक म्हणून कौशल्य कशातून कळते?

३१ मे १९४३ च्या प्रसंगातून. जर्मन तोफखान्याने निरीक्षणासाठी एक फुगा वर चढवला होता. त्यात बसलेला माणूस सोव्हिएत ठाणी पाहून टेलिफोनवरून तोफांना नेम सांगे. असा फुगा जागचा हलत नाही, पण त्याच्या भोवती विमानविरोधी तोफांचे कडे असते, आणि समोरून गेलेल्या विमानांना ते परतवून लावत होते. लिडियाने मागितलेली परवानगी वेगळी होती. ती सरळ गेली नाही. आघाडीपासून दूर वळसा घालून ती शत्रूच्या मुलखात खोल शिरली आणि पिछाडीकडून, सूर्य पाठीशी ठेवून परत आली. तोफांची तोंडे आघाडीकडे होती. हायड्रोजनने भरलेला फुगा पेटला. विमानांच्या यादीत हा फुगा धरला जात नाही. तरी त्यात नकाशा, वेळ, सूर्याचा कोन, उरलेले इंधन आणि शत्रूच्या सवयी यांचा जो हिशेब आहे, तो एखाद्या झटापटीत मिळालेल्या विजयात दिसत नाही.

त्याआधीच, २३ फेब्रुवारी १९४३ रोजी, तिला ‘ऑर्डर ऑफ द रेड स्टार’ हे पदक मिळाले होते आणि तिची निवड ‘मुक्त शिकाऱ्यां’मध्ये झाली होती. या जोड्यांना ठरावीक काम नसे. सावज त्यांनीच शोधायचे. २२ मार्चला पायाला गोळी लागूनही तिने विमान उतरवले. उपचारांनंतर ती काही दिवस मॉस्कोला आईकडे गेली आणि सुट्टी संपण्याची वाट न पाहता परतली.

सोलोमातिनवर तिचे प्रेम होते का?

सहकाऱ्यांनी तसे सांगितले आहे. जे निश्चित आहे ते एवढे की सोलोमातिनला १ मे १९४३ रोजी ‘सोव्हिएत संघाचा वीर’ किताब मिळाला आणि २१ मे रोजी तळाजवळच, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, त्याचे विमान कोसळले. त्याच महिन्याच्या सुरुवातीला बरानोव गेले होते. १९ जुलैला बुदानोवा गेली. वसंतात ज्या जेवणाच्या टेबलाशी ती बसत असे, त्यावरची ओळखीची माणसे उन्हाळा संपण्याआधीच जवळजवळ सगळी संपली होती.

तिच्या विमानावर पांढरे फूल रंगवलेले होते का?

तिच्या विमानावर लिलीचे पांढरे फूल होते आणि परदेशी लेखकांनी त्याचा गुलाब केला, असे सांगतात. मात्र अशा चित्राला भक्कम समकालीन पुरावा नाही. कॉकपिटमध्ये ती रानफुले ठेवत असे, ही आठवण अधिक विश्वासार्ह वाटते.

इतर स्त्री लढाऊ वैमानिकांचे काय?

लिडियाच्या प्रकाशात त्या झाकल्या गेल्या. २४ सप्टेंबर १९४२ च्या रात्री सारातोववर वालेरिया खोम्याकोवाने युंकर्स-८८ पाडले. रात्रीच्या लढतीत एका स्त्रीने मिळवलेला हा पहिला विजय. पुढच्याच महिन्यात रात्रीचे उड्डाण घेताना ती गेली. १९ मार्च १९४३ रोजी तमारा पाम्यात्निख आणि रायसा सुर्नाचेव्स्काया यांच्या दोन याकांची कास्तोर्नाया रेल्वे जंक्शनजवळ बेचाळीस जर्मन बाँबफेकी विमानांशी गाठ पडली. दोघींनी मिळून चार पाडली. पाम्यात्निखच्या विमानाचा पंख तुटला व तिने उडी टाकली. सुर्नाचेव्स्कायाने जखमी विमान शेतात उतरवले. दोघीही वाचल्या. रास्कोवा मात्र ४ जानेवारी १९४३ रोजी खराब हवेत आघाडीकडे जाताना अपघातात मरण पावल्या. युद्धानंतर या रेजिमेंटा मोडल्या आणि लष्करी उड्डाणाची दारे स्त्रियांना पुन्हा बंद झाली.

भारतात स्त्रिया लढाऊ विमाने केव्हापासून चालवतात?

ऑक्टोबर २०१५ मध्ये संरक्षण मंत्रालयाने परवानगी दिली. गोव्याचे मनोहर पर्रीकर तेव्हा संरक्षणमंत्री होते. १८ जून २०१६ रोजी दुंडिगल येथे अवनी चतुर्वेदी, भावना कांत आणि मोहना सिंग यांना अधिकारपद मिळाले, आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये चतुर्वेदी यांनी जामनगरहून मिग-२१ बायसन एकटीने उडवले. मिग-२१ म्हटले की नाशिककरांना ओझरचा कारखाना आठवणारच. ही विमाने तिथे वर्षानुवर्षे तयार झाली. १९९९ च्या कारगिल युद्धातील गुंजन सक्सेना यांचे नाव या यादीत पुष्कळदा घुसडले जाते, परंतु त्या चीता हेलिकॉप्टरच्या वैमानिक होत्या. त्या कामाचे धोके निराळे आणि कमी मुळीच नव्हते.

शेवटच्या उड्डाणात काय झाले, आणि सर्वोच्च किताब मिळायला १९९० का उजाडले?

१ ऑगस्ट १९४३ रोजी सोव्हिएत हल्लेखोर विमानांना सोबत करून परतताना तिला जर्मन लढाऊ विमानांनी गाठले. सहकारी इवान बोरिसेंको याने तिचे विमान ढगांच्या फटीतून शेवटचे पाहिले. मेसरश्मिटे तिच्या मागे होती. तो खाली उतरून शोधत राहिला. पॅराशूट दिसले नाही, जमिनीवर स्फोटही दिसला नाही.

म्हणून नोंद झाली ती ‘बेपत्ता’ अशी. आपल्याकडे या शब्दाने आशा उरते. तिथे त्याने संशय उरत असे, कारण बेपत्ता म्हणजे कदाचित शत्रूच्या हाती लागलेला, आणि पकडला गेलेला म्हणजे जवळजवळ फितूर, असा त्या राजवटीचा हिशेब होता. वडील कागदोपत्री ‘शत्रू’ ठरलेल्या मुलीला या शब्दाची किती धास्ती असेल, याची कल्पना करता येते. आपण बेपत्ता होऊ नये एवढेच तिला वाटे, असे तिच्या जवळच्यांनी सांगितले आहे. किताबाची शिफारस पुढे सरकली नाही.

युद्धानंतर क्रास्नी लुच गावच्या शिक्षिका वालेंतिना वाश्चेंको आपल्या विद्यार्थ्यांसह त्या पट्ट्यातली पडलेली विमाने आणि विसरलेल्या कबरी शोधत फिरल्या. मेकॅनिक पास्पोर्तनिकोवाही या शोधात होत्या. १९७९ मध्ये द्मित्रियेव्का गावातल्या सामूहिक कबरीत एक अनोळखी स्त्री वैमानिक पुरलेली असल्याचा माग लागला आणि ती लिडियाच, असा निष्कर्ष काढण्यात आला. ५८६ व्या रेजिमेंटच्या माजी मेकॅनिक येकातेरिना पोलुनिना यांना तो कधीच पटला नाही. तरीही सरकारी नोंद बदलली, आणि मे १९९० मध्ये मिखाइल गोर्बाचेव यांनी लिडिया लित्व्याकला मरणोत्तर ‘सोव्हिएत संघाचा वीर’ किताब दिला. तिला नाहीसे होऊन तेव्हा सत्तेचाळीस वर्षे होत आली होती. दीड वर्षाने सोव्हिएत संघ उरला नाही.